रॅमचं गुप्त पान

गुरुशांत हत्तुरे यांनी स्क्रू ड्रायव्हर पहिल्यांदा हातात धरला तो वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आणि तोही सरकारी पत्राच्या आदेशावरून. त्याआधी घरात पंख्याचं बटण जरी सैल झालं तरी ते दोन पावलं मागे सरकत आणि गौरम्मांना हाक मारत. गौरम्मा म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या येऊन बटणावर एक चापट मारत, पंखा फिरू लागे आणि गुरुशांत पुन्हा पुस्तकात डोकं घालत. छत्तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काढलेल्या या माणसाला जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार ठाऊक होते. एक पुस्तकं, आणि दुसरा म्हणजे ज्यांच्यावर पुस्तकं ठेवता येतात त्या.

निवृत्तीनंतर ते सोलापुरातल्या आपल्याच गल्लीतल्या नवयुग वाचनालयाचे मानद ग्रंथपाल झाले. मानद म्हणजे किल्ली त्यांच्याकडे आणि निर्णय दुसऱ्यांकडे. वाचनालय नवयुग तरुण मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. या मंडळातला सर्वांत तरुण तरुण अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. शेजारी दिवसभर यंत्रमाग खडखडत असल्यामुळे भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी सतत थरथरत असे. चार हजार पुस्तकं आणि रोजचे अकरा वाचक. त्यांतले आठ पेपर वाचायला येत, दोन पंख्याखाली बसायला येत, आणि अकरावे शेखलाल. शेखलाल हे माग दुरुस्त करणारे जुने जॉबर. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, पण आता हात थकल्यामुळे ते फक्त रहस्यकथा वाचत.

या वाचनालयावर मंडळाच्या अध्यक्षांची नजर होती. उदयसिंह हे त्यांचं नाव. अचानक एके दिवशी त्यांना आपल्या पोटाकडे पाहून असा साक्षात्कार झाला, की गल्लीला वाचनालयाची नाही तर व्यायामशाळेची गरज आहे. सभेत बरीच चर्चा झाली. गुरुशांत यांनीही एक मुद्देसूद भाषण केलं, पण ते मनातल्या मनात केल्यामुळे इतिवृत्तात आलं नाही. शेवटी असं ठरलं, की पुढच्या आठवड्यात शनिवारी तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांनी वाचनालयाला ‘क’ वर्गातून ‘ब’ वर्गात घातलं तर वाचनालय राहील, नाहीतर त्या खोलीत व्यायामशाळा होईल. निकालाची वाट पाहायला उदयसिंहांना वेळ नव्हता. त्यांनी डंबेल्सच्या दोन जोड्या आणूनही ठेवल्या, कवितांच्या कपाटाशेजारी, कारण तिकडे कुणी फिरकत नाही. “तात्पुरतं ठेवलंय अण्णा,” असं ते गुरुशांत यांना म्हणाले. गुरुशांत यांना डंबेल्स पाहून वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की कवितांकडे कुणी फिरकत नाही हे खरं होतं.

‘ब’ वर्गासाठी चालू स्थितीतला संगणक लागतो. तो मिळालाही. एका टॉवेल कारखानदाराने आपल्या ऑफिसातला जुना संगणक देणगी दिला. तो सहा टॉवेलांत गुंडाळून आला. बाजारातल्या दुकानातला मोईन येऊन तो जोडून गेला आणि जाताना एका कागदावर चौकोन काढून आतल्या भागांची नावं बाणांनी दाखवून गेला. गुरुशांत यांनी तो कागद घडी न घालता फाइलला लावला. आता सगळं झालं असं त्यांना वाटलं, आणि सोमवारी तपासणीच्या साहेबांच्या कार्यालयाचं पत्र आलं.

पत्रात म्हटलं होतं, की संगणकाची नोंद ‘संगणक, नग एक’ अशी मोघम करू नये. त्याच्या आतील व बाहेरील प्रत्येक भागाची स्वतंत्र नोंद जडवस्तू नोंदवहीत नाव आणि उपयोगासह मराठीत करावी, आणि प्रत्येक भागावर क्रमांकाचं लेबल लावावं. जडवस्तू नोंदवही म्हणजे वाचनालयातल्या खुर्च्या, कपाटं, घड्याळ यांची वही. तिच्यात शेवटची नोंद दोनशे सात, पाण्याचा माठ, उपयोग पाणी पिणे, सद्यस्थिती पाझरतो. माठाचा उपयोग लिहिताना गुरुशांत यांना अडचण आली नव्हती. पण मोईनच्या कागदावर ‘मदरबोर्ड’, ‘प्रोसेसर’, ‘रॅम’ अशी नावं होती, आणि त्यांचा उपयोग काय हे विचारायचं कुणाला? मोईनला फोन केला तर तो कुठल्याशा कॉलेजचे चाळीस संगणक बसवायला करमाळ्याला गेला होता, आणि पुढच्या सोमवारपर्यंत येणार नव्हता.

ते स्वभावाप्रमाणे पुस्तकाकडे वळले. कपाटात सरकारी परिभाषेचं एक जुनं पुस्तक होतं. त्यात रॅमला ‘यादृच्छिक अभिगम स्मृती’ असं म्हटलेलं आढळलं. गुरुशांत यांनी ते दोनदा वाचलं आणि नोंद क्रमांक दोनशे सातचा उपयोग केला, म्हणजे पाणी प्यायलं. आपण आयुष्यभर मराठी वाचत आलो तो सगळा भ्रम तर नव्हता, अशी शंका त्यांना चाटून गेली. अशा शंका त्यांना आठवड्यातून सरासरी चार वेळा येत.

संध्याकाळी त्यांनी ही अडचण घरी सांगितली. गौरम्मा भाकरी थापत होत्या. गुरुशांत यांनी पुस्तकात वाचलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. रॅममध्ये सध्या चालू असलेल्या कामापुरती माहिती असते, काम संपलं की ती जाते. हार्ड डिस्कमध्ये माहिती कायमची साठवलेली असते, लागेल तशी ती रॅममध्ये आणतात.

गौरम्मांनी भाकरी तव्यावर टाकली. “एवढंच? हा ओटा आणि ती कोठीची खोली. पीठ कोठीत असतं, लागेल तेवढं ओट्यावर काढायचं. ओटा लहान असला की दोन भाज्या एकदम होत नाहीत. तुमचं ते यंत्रही तसंच अडत असणार.”

“आणि वीज गेली की रॅम आपोआप रिकामी होते,” गुरुशांत म्हणाले.

“म्हणजे ओटा आपोआप साफ होतो?” गौरम्मांचे हात थांबले. चाळीस वर्षांत गुरुशांत यांच्या तोंडून निघालेल्या एखाद्या माहितीने त्या अशा भारावल्या नव्हत्या. “अहो, असा ओटा मला कधी आणणार?”

दुसऱ्या दिवशी शेखलालनी मोईनचा कागद पाहिला. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा प्रकरण सोपं निघालं. मदरबोर्ड म्हणजे मागाचा सांगाडा, असं त्यांनी सांगितलं. स्वतः काही विणत नाही, पण सगळं त्याच्यावरच बसतं आणि सगळे धागे त्याच्यातूनच एकमेकांना भेटतात. ते वीज वाटणारं एसएमपीएस नावाचं डबडं म्हणजे पंगतीतला वाढपी. भिंतीतून येणारी वीज फार जोराची, ती तशीच आत गेली तर सगळे भाजून निघतील, म्हणून तो ज्याच्या त्याच्या पोटाप्रमाणे वाढतो. प्रोसेसरपाशी मात्र शेखलाल थांबले, टोपी काढली, पुन्हा घातली.

“अण्णा, हे जकार्ड हाय,” ते म्हणाले. “चादरीवर मोर काढायचा आसंल तर मागावर जकार्ड बसवतेत की. कुटला धागा वर, कुटला खाली, हुकूम तेच सोडतंय. बाकीचे नुसते ऐकणारे. हे जकार्डच.”

गुरुशांत यांना हे इतकं आवडलं, की त्यांनी ते आधी पेन्सिलीने आणि मग शाईने लिहिलं. हार्ड डिस्क, उपयोग कोठीची खोली. रॅम, उपयोग ओटा (तात्पुरता). प्रोसेसर, उपयोग हुकूम देणे. पंखा, उपयोग हुकूम देणाऱ्याचे डोके थंड ठेवणे. एक रुपयाएवढा चपटा सेल होता, त्याचा उपयोग वीज नसताना वेळ लक्षात ठेवणे. माऊसचं मात्र त्यांनी मराठी केलं नाही. गेल्या वर्षी सहा पुस्तकं उंदरांनी खाल्ल्याची नोंद त्यांनी त्याच हाताने केली होती, आणि साहेबांनी दोन्ही नोंदी एकत्र वाचू नयेत असं त्यांना वाटत होतं.

खबरदारी म्हणून त्यांनी बुधवारी कार्यालयात फोन करून मसुदा वाचून दाखवला. पलीकडच्या लिपिकाने हूं हूं करत ऐकलं आणि रॅमपाशी अडवलं. तात्पुरत्या वस्तूची नोंद कायमच्या नोंदवहीत करता येत नाही, तात्पुरत्या वस्तू म्हणजे झाडू, फिनेल, खडू, त्यांची वही वेगळी, असं त्याचं म्हणणं. गुरुशांत यांनी घाबरत घाबरत समजावलं की वस्तू कायमची आहे, तिची आठवण तात्पुरती आहे. लिपिकाने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, की अशी माणसं आमच्या कार्यालयात पण आहेत, त्यांची नोंद आम्ही कायमच करतो, तुम्हीही करा.

गुरुवारी संगणक उघडण्यात आला. या कामासाठी शेखलाल घरून आपला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, तो मागाचा असल्यामुळे हातभर लांब होता. शस्त्रक्रियेच्या खोलीत असते तशी शांतता पसरली, म्हणजे शेजारच्या मागांच्या खडखडाटात जेवढी पसरू शकते तेवढी. पहिला स्क्रू गुरुशांत यांनी स्वतः काढला. ड्रायव्हर दोनदा घसरला, पण स्क्रू निघाला, आणि त्यांना अशी भावना झाली की आपण इतकी वर्षं उगीच घाबरलो. ही भावना साधारण चोवीस तास टिकली.

आता लेबलांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा अनर्थ तिथेच झाला. ग्रंथपाल पुस्तकाला क्रमांक देतो तो दोन ठिकाणी. एक उघड, पुस्तकाच्या कण्यावर, खालून बरोबर एक इंच सोडून. तिथे लेबल चिकटवलं की कपाटात सगळी पुस्तकं कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसतात. दुसरा क्रमांक गुप्त पानावर. प्रत्येक वाचनालयाचं एक ठरलेलं पान असतं, तिथे कोपऱ्यात तो क्रमांक बारीक अक्षरात लिहितात. चोराने लेबल खरवडलं, पहिलं पान फाडलं, तरी पुस्तक आपलं आहे हे सिद्ध करता येतं. नवयुग वाचनालयाचं गुप्त पान कितवं हे फक्त गुरुशांत यांना माहीत होतं. गौरम्मांनी एकदा माहेरी निघून जाण्याची धमकी देऊन विचारलं होतं, तरी त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या संसारातला धाडसाचा हा एकमेव प्रसंग.

तर गुरुशांत यांनी प्रत्येक भाग हातात घेतला, सवयीने त्याच्यावर कुठेतरी पेन्सिलीने बारीक क्रमांक टाकला (कुठे, ते इथे लिहिणं बरं नव्हे), आणि मग उघड लेबलासाठी कणा शोधू लागले. पडद्याचा कणा सापडला. हार्ड डिस्क तर आकाराने हुबेहूब कादंबरीसारखी, तिला एक इंच मोजून लेबल लागलं. प्रोसेसर पंख्याखाली झाकलेला होता, आणि जकार्डाला हात लावायचा न्हाय, असं शेखलालनी बजावल्यामुळे त्याचं लेबल शेजारी चिकटवलं.

मग आली रॅम. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, हिरवी पट्टी. तिच्या एका कडेला सोनेरी रेघा ओळीने उभ्या होत्या. गुरुशांत यांचे डोळे भरून आले. जुन्या काळी चामडी बांधणीच्या ग्रंथांच्या कण्यावर अशी सोन्याची वेलबुट्टी असे. संगणक बनवणाऱ्यांनी एवढ्या भागांमध्ये एकाला तरी सोनेरी कणा दिला, याबद्दल त्यांना त्या अज्ञात लोकांविषयी आदर वाटला. त्यांनी पट्टी उभी धरली, खालून एक इंच मोजला, खळ लावली आणि दोनशे चौदा क्रमांकाचं लेबल सोनेरी कण्यावरून दोन्ही बाजूंनी नीट दुमडून चिकटवलं. वरून रुमालाने दाबलं. इतकं सुबक लेबल आपल्या हातून गेल्या दहा वर्षांत लागलं नव्हतं, असं त्यांचं प्रामाणिक मत झालं.

रॅम परत बसवताना जरा घट्ट गेली. शेखलालनी मागाची खीळ बसवतात तसा अंगठा दिला, टक् असा आवाज आला, बसली.

शुक्रवारी दुपारी बटण दाबलं. पहिल्यांदा पंखा फिरला, आणि त्याच्या पात्यावरचं ओलं लेबल सुटून उडालं ते शेखलालच्या कपाळावर चिकटलं. दोनशे सोळा. क्षणभर शेखलाल जडवस्तू झाले. त्यानंतर संगणकाने एक लांब टीं असा आवाज काढला. थांबला. पुन्हा टीं. पडदा काळाच राहिला.

बंद करून पुन्हा लावला. टीं. दोन वेळा, पाच वेळा. आवाजात बदल नाही, वैताग नाही, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने शेजारच्या खोलीतून पाणी मागावं तशी चिकाटी.

बातमी जिन्यावरून खाली गेली आणि सल्ले वर आले. पेपरवाल्या आठ वाचकांपैकी एकाने सांगितलं की वीज कमी येत असेल. दुसऱ्याने सांगितलं की वीज जास्त येत असेल. पंख्याखाली बसणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला की त्याच्या मेव्हण्याच्या संगणकाने असाच आवाज काढला होता आणि मग मेव्हण्याची बदली झाली. गौरम्मा डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी संगणकाच्या अंगावर एक चापट मारून पाहिली. पंख्याचं बटण ऐकत असे, संगणकाने ऐकलं नाही. शेखलाल मात्र कान लावून बसले होते.

“मोटारीचा आवाज न्हाय. पट्ट्याचा न्हाय,” ते म्हणाले. “हे काय तरी बोलतंय अण्णा. आपल्याला त्याची भाषा येत न्हाय.”

मग उदयसिंह आले. पांढरा टी-शर्ट, गळ्यात टॉवेल. तो देणगीतल्या सहा टॉवेलांपैकी होता हे गुरुशांत यांनी ओळखलं. उदयसिंहांनी दोन डंबेल उचलले आणि टींच्या तालावर हात वरखाली करू लागले.

“अण्णा, हे लई झाक आहे,” ते म्हणाले. “टीं म्हणजे वर, टीं म्हणजे खाली. व्यायामशाळेला हे असंच असू द्या.”

सगळे हसले. गुरुशांतही हसले, कारण हसलं नाही तर लोकांना वाईट वाटेल असं त्यांना वाटलं. पण त्या संध्याकाळी ते घरी जाऊन पुस्तक न उघडता बसले. चार हजार पुस्तकं कुठे जातील याचा ते विचार करत होते. मंडळाच्या गोदामात गणपतीचा मांडव आणि तुटका ढोल होता, तिथेच. रहस्यकथा खाली आणि त्यांच्यावर मांडवाचे बांबू. गौरम्मांनी एक शब्द न बोलता शेंगाची चटणी वाढली. गुरुशांत यांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो याचा, की त्या बोलल्या नाहीत.

शनिवारी सकाळी आठ वाजता ते वाचनालयात जाऊन बसले. साहेब अकराला येणार होते. शेखलाल आधीच येऊन टीं ऐकत होते. गुरुशांत यांनी मोईनला करमाळ्याला फोन लावला, माफी मागितली, तब्येत विचारली, पुन्हा माफी मागितली. मोईनने विचारलं की काम काय आहे. गुरुशांत यांनी फोन संगणकाजवळ धरला.

“लांब लांब वाजतंय ना, काका? रॅम आहे,” मोईन म्हणाला. “नीट टेकत नसणार. काढा, तिची सोनेरी पट्टी खोडरबरनं पुसा आणि परत बसवा. ती पट्टी मदरबोर्डला चिकटली पाहिजे. तिथूनच सगळं येतं जातं, मध्ये कचरा चालत नाही.”

गुरुशांत यांना दोनशे चौदा क्रमांकाचं लेबल आठवलं. आपण सोन्याच्या वेलबुट्टीवर खळ लावून कागद चिकटवला आहे हे त्यांनी मोईनला सांगितलं नाही. फक्त विचारलं, “कोणतं खोडरबर?”

“म्हणजे? शाळेतलं, काका.”

रॅम बाहेर आली. दोनशे चौदा, खालून बरोबर एक इंच. शेखलालनी लेबलाकडे पाहिलं, मग गुरुशांत यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं. चाळीस वर्षं मागांबरोबर काढलेल्या माणसाला कधी गप्प बसायचं ते कळतं.

आणि इथे गुरुशांत यांची भीती गेली. कारण आता जे करायचं होतं ते त्यांच्या ओळखीचं होतं. खळ लावलेलं लेबल कागद न दुखावता कसं काढायचं हे या शहरात त्यांच्याइतकं कुणाला येत असेल असं वाटत नाही. कापसाचा बोळा ओला करून घट्ट पिळायचा, ठेवायचा, वाट पाहायची. ओढायचं नाही. लेबल आपणहून कंटाळून सुटतं. ते सुटलं. पट्टी पुसून पंख्याखाली वाळवली. मग त्यांनी खण उघडला. त्यात सात खोडरबर होती, कडक, मऊ, जुन्या पिवळ्या कागदासाठीचं वेगळं. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांनी पुस्तकांत लिहिलेलं खोडलं होतं. एका वाचकाला प्रत्येक रहस्यकथेच्या अकराव्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवायची खोड होती. अशी तेवीस नावं गुरुशांत यांनी अशी खोडली होती की अक्षर गेलं आणि कागदाला कळलंही नाही. त्यांनी मऊ खोडरबर घेतलं आणि सोनेरी रेघांवरून एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवू लागले. एक बाजू, मग दुसरी. शेखलाल वाकून पाहत होते.

“अण्णा, तुमी जॉबर पाहिजे होता,” ते हळूच म्हणाले.

साडेदहाला रॅम बसली, टक्. बटण दाबलं. एकच छोटा टिक झाला आणि पडद्यावर चित्र आलं. कोपऱ्यात तारीख पंधरा वर्षांपूर्वीची होती, कारण चपट्या सेलवरही लेबल होतं. त्या तारखेनुसार गुरुशांत अजून नोकरीत होते, आणि त्यांना क्षणभर बरं वाटलं.

साहेब अकराला आले. चष्मा, कातडी पिशवी, चेहऱ्यावर कोणताच वर्ग नाही. उदयसिंह स्वागताला उभेच होते, त्यांनी बोलता बोलता डंबेल्सकडे दोनदा हात केला. साहेबांनी नोंदवही उघडली आणि एक एक क्रमांक वाचत लेबल तपासू लागले. ‘हुकूम देणाऱ्याचे डोके थंड ठेवणे’ पाशी ते थोडे रेंगाळले. मग म्हणाले, “दोनशे चौदा. रॅम. लेबल कुठाय?”

“काढलं,” गुरुशांत म्हणाले.

“का?”

“यंत्र बंद पडलं होतं, साहेब,” उदयसिंह आनंदाने म्हणाले. “दोन दिवस नुसतं वाजत होतं.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. नियमाप्रमाणे लेबल नाही म्हणजे वस्तू नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. वस्तू नाही म्हणजे संगणक अपुरा, आणि संगणक अपुरा म्हणजे ‘ब’ वर्ग नाही. लेबल लावून द्या, मी थांबतो. आता दुसरीकडे कुठेही लेबल चालेल हे कुणालाही सुचलं असतं. पण गुरुशांत यांच्या कपाटात पन्नास वर्षांत एक लेबल कण्याखेरीज दुसरीकडे लागलं नव्हतं, आणि त्यांच्या लेखी रॅमचा कणा सोनेरीच होता. तिथे लेबल लावलं तर संगणक बोलेना, न लावलं तर वाचनालय राहीना. खोलीत पाटी थरथरत होती. उदयसिंहांनी टॉवेल खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. गुरुशांत यांच्या मनात एक मुद्देसूद भाषण तयार झालं, आणि सवयीप्रमाणे ते आतच राहणार होतं. पण त्यांची नजर कपाटातल्या रहस्यकथांवर गेली, त्यांच्यावर पडणारे बांबू त्यांना दिसले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

“साहेब, क्रमांक आहे,” ते म्हणाले. “गुप्त पानावर आहे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “रॅमला गुप्त पान?”

“सगळ्या भागांना आहे.”

“कुठे?”

समोर शासन उभं होतं. “ते सांगत नसतात, साहेब,” गुरुशांत म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, हातातच ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम कुणाच्या तरी ओळखीचे, साध्या वाचनालयात वाढलेले वाटू लागले.

“मी करकंबच्या वाचनालयात उमेदवारी केली,” ते म्हणाले. “आमच्या ग्रंथपालांनी त्यांचं गुप्त पान मला निवृत्त होतानासुद्धा सांगितलं नाही. मी सगळी पुस्तकं चाळली होती.” मग त्यांनी चष्मा लावला, नोंदवहीत लिहिलं, ‘क्र. २१४, नोंद योग्य, पाहिली’, आणि सही केली. पाहिली हा शब्द खोटा होता, पण त्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

उठता उठता त्यांचं लक्ष कवितांच्या कपाटाकडे गेलं. “आणि हे काय आहे?”

“तात्पुरतं ठेवलंय, साहेब,” उदयसिंह म्हणाले.

“वाचनालयात तात्पुरतं काही नसतं. नोंद करा,” साहेब म्हणाले. “दोनशे एकोणीस ते बावीस. डंबेल. उपयोग लिहा.”

त्या दिवसापासून डंबेल्स वाचनालयाची मालमत्ता आहेत. एकदा नोंदलेली वस्तू बाहेर न्यायची तर तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे वहीतून नाव काढण्याचा, प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि आजवर पाठवलेला पहिला प्रस्ताव, एका मोडक्या स्टुलाचा, अजून परत आलेला नाही. ‘ब’ वर्गाचं पत्र दीड महिन्यात आलं. उदयसिंह आता रोज सकाळी सात ते आठ वाचनालयात येतात, चपला बाहेर काढतात, नोंदणी पुस्तकात सही करतात आणि कवितांच्या कपाटासमोर गुपचूप व्यायाम करतात. हुंकार दिला की गुरुशांत पाटीकडे बोट दाखवतात. घामाने डंबेलचं लेबल दर आठवड्याला निघतं. त्याची गुरुशांत यांना काळजी नाही.

परवा उदयसिंहांनी एक डंबेल उलटा धरून, उजेडात फिरवून, शेवटी जमिनीवर आडवं होऊन खालून पाहिला.

“अण्णा, खरं सांगा की,” ते म्हणाले. “नंबर कुठं घातलाय?”

गुरुशांत यांनी पुस्तकाचं पान उलटलं.